क्षयरोग : निदान व चिकित्सा यांचा इतिहास

मायकोबॅक्टिरियम ट्युबरक्युलोसिस या दंडाकार सूक्ष्मजंतूमुळे होणाऱ्या चिरकारी (दीर्घकाळ टिकणाऱ्या) सांसर्गिक रोगाला क्षयरोग म्हणतात. फुप्फुसे हे या रोगाचे प्रमुख स्थान असले, तरी लसीका ग्रंथी, पाठीचा कणा व इतर हाडे, मस्तिष्कावरण, आतडी, मूत्रपिंडे, परिहृद (हृदयावरील आवरण) इ. शरीरातील जवळजवळ कोणत्याही अंतर्गत इंद्रियास तो होऊ शकतो. या रोगाचे निदान आणि त्यावरील चिकित्सा यांची प्रगती समांतर झालेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून सु. सव्वाशे वर्षे हा रोग जिवंत रुग्णात ओळखता येत होता. पण तो बरा करण्याचे खात्रीचे साधन नव्हते. १९५० नंतर प्रभावी औषधे मिळाली. परंतु कोणत्या रुग्णातील जंतू कोणत्या औषधाला दाद देतील, हे वेळेवर कळण्याची सोय बहुतेक ठिकाणी नव्हती. आज या रोगासमोर वैद्यकाला ज्या अडचणी येतात, त्यांपैकी बऱ्याच या विषमतेतून उद्‌भवल्या आहेत.

प्राचीन काळ : ईजिप्तमधील ममींच्या पाठीच्या कण्यात क्षयरोगाच्या खुणा आढळल्या आहेत. ग्रीक वैद्यकात हा रोग ‘थायसिस’ (झिजणे) या नावाने ओळखला जाई. आयुर्वेदात त्याचे वर्णन ‘राजयक्ष्मा’ व ‘शोष’ या नावांनी केलेले आहे. दक्ष प्रजापतीच्या कन्यांपैकी केवळ रोहिणीवर आसक्त झालेल्या चंद्राला हा रोग प्रथम जडला, अशी कथा चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात असून तेथे शक्तीबाहेरचे श्रम, नैसर्गिक वेगांचा अवरोध, धातुक्षय आणि विषम आहार अशी त्याची चार कारणे दिली आहेत. सुश्रुतांनी शोषाची गणना एका माणसापासून दुसऱ्यास होणाऱ्या रोगांत केली आहे. तथापि हे वर्णन रोगाच्या अखेरच्या अवस्थेचे आहे. ज्वर, खोकला, रक्तमिश्रित कफ आणि कृशता ही लक्षणे एकत्र दिसू लागत, तेव्हा रोग बहुधा हाताबाहेर गेलेला असे.

शारीरिक तपासणीची साधने : व्हिएन्ना येथील लेओपोल्ट औएनब्रुग्गर (१७२२–१८०९) यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून निघणाऱ्या आवाजावरून आतील विकृती ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रने लाएनेक (१७८१–१८२६) यांनी कागदाची गुंडाळी एका रुग्णाच्या छातीवर ठेवून हृदयाचे ध्वनी ऐकले आणि त्यातून स्टेथॉस्कोप निर्माण झाला. जिवंतपणी ऐकलेले ध्वनी आणि मरणोत्तर तपासणीत आढळलेली विकृती यांची त्यांनी रुग्णागणिक सांगड घातली. १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात फुप्फुसातील गाठी, त्यांचे मृदू होणे व अखेर पडणारी विवरे या एकाच रोगाच्या पायऱ्या असून इतर इंद्रियांतील तशाच गाठीही त्याच रोगाच्या आहेत, असे प्रतिपादन केलेले आहे. लाएनेक स्वतः याच रोगाने वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मरण पावले.

जंतूचा शोध : झां आंत्वान व्हीयमँ या फ्रेंच लष्करी वैद्यांनी १८६५ मध्ये रुग्णाच्या शरीरातील क्षयजन्य पदार्थ सशांना टोचून रोग उत्पन्न होतो, हे दाखविले, परंतु रोग आनुवंशिक आहे, ही समजूत त्यानंतरही टिकून राहिली. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख (१८४३–१९१०) यांनी बर्लिन येथील शरीरक्रियावैज्ञानिक संस्थेपुढे या रोगाचा जंतू सादर केला. हा जंतू नेहमीच्या रंजकांनी रंगत नाही व अतिशय सावकाश वाढतो. साध्या आतड्यातील जंतूंची संख्या अनुकूल स्थितीत सु. वीस मिनिटांत दुप्पट होते. क्षयजंतूंना त्यासाठी सु. वीस तास लागतात. जंतूच्या या सावकाशपणामुळेच रोग हळूहळू वाढतो, संवर्धनाचे उत्तर मिळण्यास आठवडे जातात आणि उपचारही महिनोन्‌महिने चालवावे लागतात. पाउल एर्लिख यांनी जंतू रंगविण्याच्या पद्धतीत सुधारणा केली व पुढे फ्रान्ट्‌स त्सील आणि फ्रीड्रिख नेल्सेन यांच्या नावाने रूढ झालेली पद्धत प्रचारात आली. कफाची सूक्ष्मदर्शकाखाली करावयाची ही तपासणी शंभर वर्षांहून अधिक काळ निदानाचा मुख्य आधार राहिली.

१८९० मध्ये कॉख यांनी जंतूंच्या संवर्धनापासून तयार केलेले ‘ट्युबरक्युलिन’ हे द्रव्य उपाय म्हणून जाहीर केले. युरोपभरातून रुग्ण बर्लिनकडे लोटले. पण थोड्याच काळात ते निष्फळ व काही रुग्णांस घातक असल्याचे दिसून आले. तेच द्रव्य निदानासाठी मात्र उपयुक्त ठरले. क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०७ मध्ये व शार्ल मांतू यांनी १९०८ मध्ये त्याच्या त्वचापरीक्षा प्रचारात आणल्या. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेल्या क्ष-किरणांमुळे फुप्फुसातील विकृती लक्षणे उमटण्यापूर्वीही दिसू लागली.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या आरंभी निदानाची साधने बऱ्यापैकी पूर्ण झाली होती. उपचार मात्र जवळजवळ चरकांच्या काळाइतकेच होते. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांनी १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली आणि पुढच्याच वर्षी, जंतूचा शोध लागून पाच वर्षे झालेली असताना, पुणे येथे क्षयरोगाने त्यांचा अंत झाला. त्या काळी पाश्चात्त्य किंवा भारतीय वैद्यकापैकी कोणाजवळही या रोगावर खात्रीचा उपाय नव्हता.

आरोग्यधामे व शस्त्रक्रिया : हेर्मान ब्रेमर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सायलीशियातील गर्बर्सडॉर्फ येथे डोंगराळ हवेत विश्रांती व पौष्टिक आहार देणारे आरोग्यधाम स्थापन केले आणि ही पद्धत जगभर पसरली. भारतात अजमेरजवळ १९०६ मध्ये व मदनपल्ली येथे १९१५ मध्ये अशी आरोग्यधामे निघाली. महाराष्ट्रात पाचगणी व मिरज ही गावे त्यांसाठी प्रसिद्ध झाली. १८८२ मध्ये कार्लो फोर्लानीनी या इटालियन वैद्यांनी छातीच्या पोकळीत हवा भरून रोगग्रस्त फुप्फुसाला विश्रांती देण्याची कल्पना मांडली. पुढे फासळ्या काढून फुप्फुस कायमचे दाबून ठेवण्याच्या शस्त्रक्रियाही होऊ लागल्या. यांपैकी कशानेही जंतूंचा नाश होत नव्हता. आरोग्यधामातून ‘बरा’ होऊन गेलेला रुग्ण पुन्हा आजारी पडणे, ही नित्याची बाब होती. तथापि इंग्लंडसारख्या देशांत औषधे उपलब्ध होण्यापूर्वीच क्षयरोगाने होणारे मृत्यू दशकानुदशके घटत गेले होते. त्याचे श्रेय मुख्यतः सुधारलेला आहार व राहणीमान यांना की रुग्णांच्या अलगीकरणास, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

रासायनी चिकित्सा : अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठात सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्‌स यांनी १९४३ मध्ये मृदेतील सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसीन मिळविले [⟶ प्रतिजैव पदार्थ]. ब्रिटनमध्ये हे औषध अत्यंत अपुरे असल्याने कोणास द्यावे हे चिठ्ठ्यांप्रमाणे यदृच्छ निवडीने ठरवून १९४७ मध्ये चाचणी घेण्यात आली. तिची आखणी संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी केली होती. सहा महिन्यांअखेर औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४, तर केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४ मृत्यू पावले. यदृच्छ नियंत्रित चाचणीचा हा आदर्श नमुना ठरला. परंतु औषध मिळालेल्या बहुतेक रुग्णांतील जंतू काही महिन्यांतच औषधरोधी बनले आणि पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंच्या प्रमाणात फारसा फरक उरला नाही.

या अनुभवातून चिकित्सेचे मूलतत्त्व हाती आले. क्षयजंतूंमध्ये औषधरोधी उत्परिवर्तने (आनुवंशिक द्रव्यातील आकस्मिक बदल) आपोआप घडत असतात. आयसोनियाझिडसारख्या औषधास न जुमानणारा जंतू सु. दहा लाखांत एक असतो आणि फुप्फुसातील विवरात तर कोट्यवधी जंतू असतात. एकच औषध दिल्यास संवेदनशील जंतू मरतात व रोधी जंतूंना मोकळे रान मिळते. दोन किंवा अधिक औषधे एकाच वेळी दिल्यास सर्वांस रोधी असलेला जंतू आढळण्याची शक्यता अत्यल्प होते. स्वीडनमधील यर्गन लेमान यांनी शोधलेले पॅरा-ॲमिनो सॅलिसिलिक अम्ल आणि १९५२ मध्ये प्रचारात आलेले आयसोनियाझिड यांची स्ट्रेप्टोमायसीनला जोड मिळाल्यावर रोग खऱ्या अर्थाने बरा होऊ लागला. पुढे रिफॅम्पिसीन, पायराझिनामाइड व एथॅम्ब्युटॉल यांच्या योगाने दीड ते दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला. पूर्व आफ्रिकेत १९७० पासून घेतलेल्या चाचण्यांचा यात मोठा वाटा होता.

भारताने या इतिहासात महत्त्वाची भर घातली. १९५६ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग रासायनी चिकित्सा केंद्रात वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली १९३ रुग्णांपैकी काहींवर आरोग्यधामात व काहींवर त्यांच्या घरीच उपचार करण्यात आले. गरीब वस्तीतील दाट घरे व निकृष्ट आहार असूनही घरच्या उपचारांचे फलित आरोग्यधामाच्या तोडीचे ठरले. शिवाय घरातील इतरांस संसर्गाचा धोकाही वाढला नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर जगभर आरोग्यधामांचे महत्त्व ओसरले. १९५९ मध्येच बंगलोर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिच्या १९६३ मधील एका अभ्यासानुसार लक्षणे असलेले सु. निम्मे रुग्ण आपण होऊन सरकारी दवाखान्यांत गेलेले होते. मात्र त्यांपैकी बहुतेकांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते. रुग्ण अडाणीपणामुळे वैद्याकडे येत नाहीत, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

औषधरोधाचा उदय : औषधे उपलब्ध झाली, तरी ती योग्य संयोगात, योग्य मात्रेत व पूर्ण मुदतीपर्यंत दिली जातील, याची व्यवस्था अनेक देशांत नव्हती. मुंबईतील धारावी भागात झालेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सु. १०० खासगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी ८० निरनिराळे औषधक्रम सुचविले. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोग ही जागतिक आणीबाणी असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी भारतात देखरेखीखाली औषध देण्याची सुधारित योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. १९९७ पासून तिचा विस्तार होऊन २००६ मध्ये ती देशभर पोहोचली. परंतु या योजनेतील निदान कफाच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवर आधारलेले होते. जंतू औषधरोधी आहेत की नाहीत, हे त्या तपासणीत दिसत नाही. परिणामी रोधी जंतूंचा रुग्ण कित्येक महिने निष्फळ औषधे घेत राही, त्याचा रोधही वाढत जाई आणि त्या अवधीत तेच जंतू तो कुटुंबीयांना देत असे.

दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतातील टुगेला फेरी येथे विस्तृत औषधरोधी क्षयरोगाचे ५३ रुग्ण आढळल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ५२ दगावले. कफाचा नमुना घेतल्यापासून निम्मे रुग्ण सु. सोळा दिवसांत मरण पावले. ज्यांची तपासणी झाली होती, ते सर्व एचआयव्ही बाधित होते. संवर्धनाचे उत्तर येण्यापूर्वीच रुग्ण गेलेला असे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस तपासलेल्या सर्व औषधांना रोधी असलेल्या चार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अशा रुग्णांस पूर्वी ठिकठिकाणी मिळालेले चुकीचे औषधोपचार हे त्यामागील एक प्रमुख कारण म्हणून त्यांनी दाखवून दिले.

निदानातील अडचणी : २०१० च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कफातील जंतूंचे डीएनए ओळखून सु. दोन तासांत रोगाचे निदान व रिफॅम्पिसीनरोध दोन्ही सांगणाऱ्या रेणवीय चाचणीस मान्यता दिली. गोव्यातील एका उद्योगाने विकसित केलेली व विद्युत् घटावर चालणारी ‘ट्रूनॅट’ चाचणी २०२० मध्ये त्या संघटनेच्या शिफारशीत समाविष्ट झाली. याउलट रक्तातील प्रतिपिंडांवर आधारलेल्या अविश्वसनीय चाचण्यांचा खासगी क्षेत्रात मोठा प्रसार झाला होता. त्यांवर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली. त्याच वर्षी प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाकडे करणे खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक झाले.

रेणवीय चाचणीसाठीही जंतू असलेला नमुना मिळावा लागतो, ही अडचण मात्र कायम आहे. लहान मुले कफ काढू शकत नाहीत. एचआयव्ही बाधितांच्या कफात जंतू थोडे असतात. क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथात मस्तिष्क-मेरुद्रवात जंतू क्वचितच दिसतात. निश्चितीची वाट पाहिल्यास रुग्ण दगावतो किंवा कायमचा अपंग होतो, म्हणून केवळ संशयावरून उपचार सुरू करावे लागतात. आतड्याचा क्षय व क्रोन रोग यांतील भेद ओळखणे अनुभवी तज्ज्ञांनाही कठीण जाते. चूक झाल्यास क्रोन रोगासाठी दिलेल्या स्टेरॉइडांनी क्षय फोफावतो. उलट क्षय समजून औषधे दिल्यास क्रोनच्या रुग्णाचे कित्येक महिने वाया जातात. लक्षणांवर विसंबून राहणेही पुरेसे नाही. २०१९–२१ मधील भारताच्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी सु. ४३ टक्के रुग्ण छातीचे क्ष-किरण चित्र घेतले नसते, तर निसटले असते. मधुमेहात क्षयरोगाचा धोका दोन ते तीन पट होतो आणि संधिवातासारख्या रोगांत वापरली जाणारी काही नवी जैविक औषधे शरीरात सुप्त असलेले जंतू जागृत करू शकतात. त्यामुळे इतर रोगांच्या तज्ज्ञांसही क्षयरोगाची जाण ठेवावी लागते.

चिकित्सेतील अडचणी : औषधरोधी क्षयावर दीर्घकाळ टोचावी लागणारी औषधे वापरली जात; त्यांनी बऱ्याच रुग्णांची श्रवणशक्ती कायमची जाई. २०१२ मध्ये बेडाक्विलीन, २०१४ मध्ये डेलामॅनिड व २०१९ मध्ये प्रेटोमॅनिड या औषधांना मान्यता मिळाली. बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड व लिनेझोलिड यांच्या सहा महिन्यांच्या उपचाराने दक्षिण आफ्रिकेतील चाचणीत तीव्र औषधरोध असलेल्या १०९ रुग्णांपैकी सु. ९० टक्के बरे झाले. या तिघांना मॉक्सिफ्लॉक्सॅसिनाची जोड देणारा क्रम जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचविला व भारताने २०२४ मध्ये स्वीकारला. बेडाक्विलीनच्या एकस्वाची मुदत वाढवून मागणारा अर्ज भारतीय एकस्व कार्यालयाने २०२३ मध्ये फेटाळला. जुन्या औषधांमुळे श्रवणशक्ती गमावलेल्या, मुंबईतील व दक्षिण आफ्रिकेतील दोन रोगमुक्त महिलांनी त्या अर्जास हरकत घेतली होती.

नवी औषधेही निर्धोक नाहीत. लिनेझोलिडमुळे मज्जातंतू व अस्थिमज्जा यांना इजा होते आणि बेडाक्विलीनचा हृदयाच्या विद्युत् क्रियेवर परिणाम होत असल्याने विद्युत् हृल्लेख वेळोवेळी काढावा लागतो. बेडाक्विलीनला रोधी जंतू आढळू लागले आहेत. तो रोध ओळखणारी जलद चाचणी मात्र सर्वत्र उपलब्ध नाही. औषध आधी व त्याच्या रोधाची चाचणी नंतर, असा जुनाच क्रम येथे पुन्हा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये सु. १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला व सु. १२.५ लाख लोक मृत्यू पावले. रुग्णांत भारताचा वाटा सु. २६ टक्के होता. त्या वर्षी सु. ४ लाख लोकांना औषधरोधी क्षय झाला. त्यांपैकी निम्म्यांहून कमी रुग्णांचे निदान होऊन उपचार सुरू झाले.

प्रतिबंध : आल्बेर कालमेत व कामीय गेरँ यांनी तयार केलेली बीसीजी लस १९२१ पासून वापरात आहे. मुलांतील मस्तिष्कावरणशोथासारख्या तीव्र प्रकारांपासून तिने संरक्षण मिळते. मात्र तमिळनाडूतील चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर केलेल्या चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसक्षयास ती आळा घालत नसल्याचे आढळले. जगातील सु. एकचतुर्थांश लोकांना जंतुसंसर्ग झालेला असतो. त्यांपैकी पुढे कोण आजारी पडेल, हे निश्चित सांगणारी चाचणी अद्याप नाही. झारखंडमध्ये २०१९–२२ या काळात २,८०० रुग्णांच्या कुटुंबांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या चाचणीत अधिक पौष्टिक शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्या रुग्णांचे प्रमाण सु. ३९ टक्क्यांनी कमी झाले. आहार व क्षयरोग यांतील जो संबंध प्राचीन वैद्यांनी व आरोग्यधामांच्या प्रवर्तकांनी अनुभवाने जाणला होता, त्याला या चाचणीने मापनाचा आधार दिला. प्रौढांसाठी उपयुक्त ठरू शकेल अशा ‘एम ७२’ या नव्या लशीच्या अंतिम टप्प्यातील चाचणीस २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रारंभ झाला.